मेंदूचा स्कॅन: म्हातारपण कुठलं आणि झटका कुठला? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी रेडिओलॉजिस्ट आहे. म्हणजे पेशंटला क्वचितच भेटणारा, पण त्याच्या मेंदूत रोज डोकावणारा डॉक्टर. रिपोर्ट हातात पडला की घरातलं कुणीतरी त्यातले शब्द मोबाइलवर शोधतं, रात्रभर जागतं आणि सकाळी सेंटरच्या खिडकीशी येऊन उभं राहतं. त्या खिडकीशी विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. इथे झटका म्हणजे मेंदूचा स्ट्रोक, आपण ज्याला लकव्याचा झटका म्हणतो तो: मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद होणं किंवा फुटणं. उत्तरं सर्वसाधारण आहेत. तुमच्या माणसाच्या फिल्मबद्दल तुमच्या न्यूरोलॉजिस्टशीच बोला. आणि कुणाचं तोंड वाकडं झालंय, हात लुळा पडलाय किंवा बोलणं अडखळतंय असं आत्ता या क्षणी चाललं असेल, तर हे वाचत बसू नका. १०८ लावा.

रिपोर्टमध्ये ‘एज रिलेटेड सेरेब्रल अ‍ॅट्रॉफी’ लिहिलंय. बाबांचा मेंदू सुकत चाललाय का?

थोडा आकसलाय, हे खरं. पण सत्तरीतल्या जवळजवळ प्रत्येकाचा आकसलेला असतो. प्रौढ माणसाच्या मेंदूचं वजन साधारण १३०० ते १४०० ग्रॅम असतं आणि साठीनंतर दरवर्षी अर्ध्या टक्क्याच्या आसपास त्याचं आकारमान घटतं. कवटी काही लहान होत नाही. जुन्या अक्रोडातला गर कवचापासून सुटतो, तसं होतं. मोकळी झालेली जागा पाण्यासारख्या द्रवाने भरते. म्हणून वळ्यांमधल्या घळी रुंद दिसतात आणि मेंदूच्या आतल्या पोकळ्या फुगल्यासारख्या वाटतात. यात पेशी मरण्याचा वाटा लहान. पेशी बारीक होणं आणि त्यांच्या फांद्या झडणं हाच मोठा भाग.

‘एज रिलेटेड’ लिहिण्याआधी मी पेशंटचं वय पुन्हा एकदा बघतो. ऐंशीच्या आजोबांचं चित्र पन्नाशीतल्या माणसात दिसलं तर ते शब्द मी लिहीत नाही. तिथे दारू, जुना मार किंवा एखादा आजार यांचा शोध घ्यावा लागतो.

मग वय आणि झटका यांच्यात फरक ओळखता तरी कसा?

वय सगळ्या मेंदूवर सारखं उतरतं, झटका एक जागा धरून बसतो. बाकी सगळं यातूनच निघतं.

उसाच्या पट्ट्यातल्या माणसाला हे चटकन कळतं. उन्हाळा कडक असला की सगळं शिवार थोडंथोडं कोमेजतं. पण एखाद्या पाटाचं पाणी तुटलं, तर त्या पाटावरचीच शेतं करपतात आणि बांधापलीकडे दुसऱ्या पाटावरचं रान हिरवंगार राहतं. मेंदूतही असे पाट आहेत. पुढची, मधली आणि मागची अशा तीन मोठ्या धमन्या दोन्ही बाजूंना असतात आणि प्रत्येकीचं रान ठरलेलं असतं. मधलीचं सर्वांत मोठं. चेहरा आणि हात चालवणारा भाग तिच्याच पाण्यावर, आणि बहुतेकांच्या डाव्या बाजूला वाचाही. गुठळी अडकली की जो भाग मरतो त्याचा आकार त्या धमनीच्या रानाशी जुळतो. बऱ्याचदा पाचरीसारखा, रुंद बाजू मेंदूच्या पृष्ठभागाकडे. मेंदूची करडी साल आणि तिच्याखालचा पांढरा भाग दोन्ही त्यात सापडतात.

म्हणून माझी नजर पहिल्यांदा डाव्या-उजव्यातला फरक शोधते. फिल्म मधोमध दुमडली तर दोन्ही अर्धी जुळतील का? वयाची जुळतात, निदान बऱ्यापैकी. झटक्याची जुळत नाहीत.

अपवाद आहेतच. रक्तदाब एकदम कोसळला तर दोन धमन्यांच्या हद्दीवरची, म्हणजे दोन्ही पाटांच्या टोकाला असलेली रानं एकाच वेळी वाळतात, तीही कधीकधी दोन्ही बाजूंना. तिथे फिल्म दुमडून उपयोग नाही.

आजोबांचा सीटी स्कॅन ‘नॉर्मल’ आला, तरी डॉक्टर झटका म्हणतात. कुणाचं खरं?

बहुधा दोघांचंही. सीटी म्हणजे डोक्यातल्या प्रत्येक ठिकाणची घनता मोजणारा एक्स-रे. तो गॉडफ्री हाउन्सफिल्ड या ब्रिटिश इंजिनिअरने घडवला. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली हॉस्पिटलमध्ये पहिल्या पेशंटचा मेंदू त्यावर पाहिला गेला. घनतेचं माप आजही त्याच्याच नावाने ओळखलं जातं: पाणी शून्य, हवा उणे हजार, मेंदूचा पांढरा भाग पंचवीस-तीस, करडा पस्तीस-चाळीस, ताजं रक्त साठ-सत्तरच्या घरात.

आता यातली गोम बघा. रक्तस्राव झाला असेल तर तो पहिल्या मिनिटापासून पांढराशुभ्र दिसतो. पण गुठळीने रक्त अडलं असेल, तर मेलेल्या भागात पाणी शिरून त्याची घनता उतरायला वेळ लागतो. पहिल्या काही तासांत खुणा असल्या तरी अंधूक असतात: करड्या-पांढऱ्यातली सीमारेषा पुसट होणं, किंवा गुठळी असलेली धमनीच दोरीसारखी पांढरी दिसणं. स्पष्ट काळा डाग साधारण दुसऱ्या दिवशी उमटतो. आणखी एक गंमत म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोच डाग सीटीवर पुन्हा पुसट होऊ शकतो.

इमर्जन्सीतला सीटी मुख्यतः एका प्रश्नासाठी असतो: आत रक्त सांडलंय का? नसेल तरच गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देण्याचा विचार होतो. ‘नॉर्मल’ हे त्या प्रश्नाचं चांगलं उत्तर आहे. झटका नाही, असा त्याचा अर्थ नाही.

एमआरआयमध्ये असं काय जास्त दिसतं?

एमआरआय म्हणजे एकच फोटो नाही, एकाच मेंदूची वेगवेगळ्या प्रकारे काढलेली चित्रं आहेत. झटक्यासाठी सर्वांत मोलाचं डीडब्ल्यूआय. पाण्याचे रेणू किती मोकळेपणाने हलतात, हे ते मोजतं. रक्त तुटलं की पेशीचा पंप बंद पडतो, बाहेरचं पाणी आत शिरून पेशी फुगते आणि पाण्याची हालचाल जखडली जाते. ती जागा डीडब्ल्यूआयवर दिव्यासारखी उजळते, बहुतेक वेळा पहिल्या अर्ध्या तासाच्या आसपासच.

वय वाढल्याने पाणी असं जखडत नाही. ऐंशी वर्षांच्या मेंदूत शेकडो डाग असले तरी डीडब्ल्यूआयवर ते उजळत नाहीत. जुन्या डागांच्या गर्दीत कालचा एकच ताजा झटका शोधायचा असतो तेव्हा हे चित्र उघडलं की एकच ठिपका चमकतो, बाकी सगळा मेंदू गप्प. इतक्या वर्षांनीही तो क्षण मला आवडतो.

मात्र मेंदूच्या देठातला बारीक झटका पहिल्या दिवशी यावरही लपून राहू शकतो. भोवळ, दुहेरी दिसणं, तोल जाणं अशी लक्षणं असतील आणि एमआरआय स्वच्छ आला, तर डॉक्टर एकदोन दिवसांनी पुन्हा करायला सांगतात. सेंटरचा धंदा वाढवायला नव्हे.

झटका आत्ताचा आहे की जुना, हे कळतं का?

बऱ्यापैकी. डीडब्ल्यूआयचं एक जोडचित्र असतं, एडीसी. ताज्या झटक्यात पहिलं उजळ आणि दुसरं काळं. आठवडा-दहा दिवसांत एडीसी पूर्वपदावर येतं, मग उलट उजळतं. फ्लेअर नावाचं तिसरं चित्र उजळायला सुरुवातीला काही तास घेतं. याचा एक सुंदर उपयोग आहे. रात्री धडधाकट झोपलेला माणूस सकाळी लुळा उठला, तर झटका नेमका कधी आला ते कुणालाच सांगता येत नाही. अशा वेळी डीडब्ल्यूआय उजळ पण फ्लेअर अजून गप्प असेल, तर घटना बहुधा साडेचार तासांच्या आतली. या फरकावर विसंबून इंजेक्शन दिल्यास निवडक पेशंटना फायदा होतो, हे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘वेक-अप’ चाचणीत दिसलं.

जुना झटका म्हणजे वण. मेलेला भाग शोषला जातो, तिथे पाण्याने भरलेली पोकळी उरते आणि फ्लेअरवर तिच्या कडेने पांढरी किनार दिसते. शेजारची नैसर्गिक पोकळी त्या बाजूला ओढली जाते. हालचालीचे दोर, म्हणजे हातापायांना हुकूम पोचवणाऱ्या तंतूंचे जुडगे, तुटले असतील तर खाली मेंदूच्या देठाची ती बाजू महिन्यांनंतर बारीक झालेली दिसते. म्हातारपणात मेंदू आकसतो, पण असा एका बाजूला ओढला जात नाही.

आईला कधी झटका आलाच नाही. मग ‘ओल्ड लॅक्युनर इन्फार्क्ट’ कुठून आला?

आला होता, पण कुणाला कळला नाही. खोलवरच्या एखाद्या सुईएवढ्या रक्तवाहिनीचं तोंड बंद झालं आणि तिच्या टोकाचा, तीन ते पंधरा मिलिमीटरचा तुकडा मेला. तो नेमका हात हलवणाऱ्या दोरावर नसेल, तर माणूस त्या दिवशी नेहमीसारखा चहा पिऊन फिरायलाही जातो. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम शहरात ६० ते ९० वर्षांच्या हजाराहून जास्त लोकांचे एमआरआय काढले, तेव्हा दर पाचातल्या एकाच्या मेंदूत असा मुका झटका सापडला. पुढे त्यांच्यावर लक्ष ठेवलं तर ज्यांच्यात असे वण होते, त्यांना स्मृतिभ्रंशाचा धोका सुमारे दुप्पट निघाला. म्हणजे मुका असला तरी निरुपद्रवी नाही.

इथे आम्हीही फसतो. रक्तवाहिन्यांभोवती पाण्याच्या बारीक नळ्या असतात, वयाबरोबर त्या रुंदावतात आणि आडव्या काटछेदात हुबेहूब छोट्या वणासारख्या दिसतात. त्या सहसा तीन मिलिमीटरपेक्षा लहान असतात, दुसऱ्या बाजूने पाहिलं तर लांबट दिसतात आणि त्यांना पांढरी किनार नसते. फक्त सीटी हातात असेल तर हा भेद करणं कठीण. सीटीवरचं ‘ओल्ड लॅक्यून’ वाचून कुणी आयुष्यभराचं लेबल लावून घेऊ नये, असं माझं मत आहे.

पांढऱ्या डागांना डॉक्टर ‘वयोमानानुसार’ म्हणाले. म्हणजे सोडून द्यायचं ना?

या प्रश्नासाठीच मी हे सगळं लिहायला बसलो.

रिपोर्टमध्ये याला ‘क्रॉनिक स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस’ म्हणतात. १९८७ साली कॅनडातले न्यूरोलॉजिस्ट व्लादिमिर हाचिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला ल्युकोअरायोसिस असं ग्रीक नाव दिलं होतं. पांढरा भाग विरळ होणं, एवढाच त्याचा अर्थ. कारण माहीत नसताना कारणाचा दावा करायचा नाही, म्हणून मुद्दाम असं मोघम नाव. त्याच वर्षी फाझेकस नावाच्या डॉक्टरांची या डागांची प्रतवारी आली, ती आजही रिपोर्टमध्ये दिसते: शून्य म्हणजे डाग नाहीत, एक म्हणजे सुटे ठिपके, दोन म्हणजे ठिपके एकमेकांना मिळायला लागलेले, तीन म्हणजे मिळून मोठे पट्टे झालेले.

हे डाग येतात ते पाटाच्या शेवटच्या टोकाला. मेंदूच्या आतल्या पोकळ्यांभोवतीचा पांढरा भाग म्हणजे टेलचं शेत. तिथवर पोचणाऱ्या रक्तवाहिन्या लांब, बारीक आणि एकेकट्या असतात. वर्षानुवर्षं बीपीचा मार खाऊन त्यांच्या भिंती जाड होतात आणि टेलला पाणी कमी पडतं. कुठलाही पाट एकदम तुटलेला नसतो, त्यामुळे हा नेहमीच्या अर्थाने झटका नाही. डाग दोन्ही बाजूंना सारखे असतात, त्यामुळे चित्र वयासारखं दिसतं. पण निव्वळ वयही नाही. वय आणि झटका यांच्यामधली ही धूसर पट्टी आहे आणि ‘वयोमानानुसार’ या एका शब्दाखाली आपण ती सतरंजीखाली सारतो.

डाग असणं सर्रास आहे, हे मान्य. रॉटरडॅमच्या त्याच अभ्यासात एकही डाग नसलेले लोक जेमतेम ५ टक्के होते. सत्तरीत फाझेकस एक असेल तर मीही कुणाला घाबरवत नाही. पण पंचावन्न वर्षांच्या माणसात प्रत दोन किंवा तीन असेल, तर तो बीपीच्या हिशेबाचा खातेउतारा आहे. गोळी ‘बरं वाटतंय’ म्हणून कधी बंद केली, मीठ कधी कमी झालंच नाही, तंबाखू सुटली नाही, सगळं त्यात जमा असतं.

आणि तो हिशेब काही प्रमाणात थांबवता येतो. अमेरिकेतल्या ‘स्प्रिंट माइंड’ अभ्यासात वरचा रक्तदाब १२० च्या खाली ठेवलेल्या गटात सुमारे चार वर्षांत डागांचं आकारमान सरासरी ०.९२ घन सेंटिमीटरने वाढलं. १४० च्या खाली ठेवलेल्या गटात १.४५ ने. मेंदूचं एकूण आकारमान मात्र पहिल्या गटात किंचित जास्त घटलं, तेही सांगायला हवं. १२० प्रत्येकाला झेपेलच असं नाही. उभं राहताना चक्कर येणाऱ्या आजींना तर नाहीच. आकडा डॉक्टरांनी ठरवायचा. गोळी मनाने बंद करू नका, एवढं मात्र मी खिडकीतून सांगू शकतो.

काळे ठिपके, ‘मायक्रोब्लीड्स’, हे काय?

बारीक रक्तवाहिनीतून झिरपलेल्या रक्तातलं उरलेलं लोह. एसडब्ल्यूआय नावाच्या चित्रातच ते नीट दिसतं. खोलवर असतील तर संशय बीपीवर. मेंदूच्या सालीजवळ विखुरलेले असतील तर रक्तवाहिनीच्या भिंतीत अमायलॉइड नावाचं प्रथिन साठल्याचा. रक्त पातळ करणारी औषधं देताना डॉक्टर या ठिपक्यांचा विचार करतात, पण म्हणून औषध आपणहून थांबवायचं नाही. खोलवरच्या काही करड्या गाठींमध्ये वयाबरोबर दोन्हीकडे सारखं लोह साठतं, ते मात्र निखळ वय.

झटका वाटावा पण नसावा, असं होतं का?

होतं, आणि आपल्या देशात जरा जास्तच. सीटीवर मेंदूत खडूच्या कणांसारखे ठिपके दिसले की घरच्यांना जुना झटका वाटतो. पुष्कळदा ते पट्टकृमीच्या अळीच्या जुन्या गाठी असतात, वाळून चुना झालेल्या. मधोमध असलेली पीनियल ग्रंथी तर मोठ्या माणसांत चुन्याने भरलेली असणं हे साधं आहे. अर्धशिशी असलेल्या तरुण बायकांमध्ये पांढरे ठिपके दिसतात. ते झटक्याचे नव्हेत. फिट आल्यानंतर एक बाजू काही वेळ लुळी पडू शकते.

आणि एक उलटा प्रकार: बाळंतपणानंतर डोकं भयंकर दुखणारी, फिट आलेली तरुणी. तिच्या मेंदूतला डाग कुठल्याच धमनीच्या रानाशी जुळत नाही, कारण अडलेला असतो तो पाट नव्हे, पाण्याचा निचरा करणारी चर. हा शिरेतल्या गुठळीचा झटका. डॉक्टरांना हा संशय असेल तर तो चिठ्ठीवर लिहायला सांगा, कारण शिरांची वेगळी चित्रं काढावी लागतात.

झटका उजव्या अंगाचा, पण डागही फिल्मच्या उजवीकडे. चूक झाली का?

फिल्म पायाकडून बघितल्यासारखी छापतात. तिची उजवी बाजू म्हणजे पेशंटची डावी, आणि डावा मेंदू उजवं अंग चालवतो. सगळं बरोबर आहे.

विसरभोळेपणा कशाने आलाय, हे स्कॅनवर कळेल?

अर्धवट. अल्झायमरमध्ये कानशिलामागच्या खोलगट भागातला हिप्पोकॅम्पस बाकीच्या मेंदूपेक्षा जास्त झिजतो. त्याचीही शून्य ते चार अशी प्रतवारी आहे. झटक्यांमुळे आलेल्या विसराळूपणात मोक्याच्या जागी वण किंवा प्रत तीनचे पट्टे दिसतात. पण ऐंशीच्या पुढच्या माणसात दोन्ही एकत्र असणंच जास्त सामान्य आहे. फिल्म खराब दिसूनही हिशेबाला पक्के असलेले आजोबा मी पाहिलेत. निदान बोलून, तपासून होतं. स्कॅन साक्षीदार असतो, न्यायाधीश नव्हे.

मग रिपोर्टच्या शेवटी ‘काइंडली कोरिलेट क्लिनिकली’, म्हणजे ‘पेशंटच्या लक्षणांशी ताडून पाहा’, असं लिहून हात का झटकता?

हे बोलणं आम्ही ऐकून घ्यायलाच हवं. खरं कारण असं की चिठ्ठीवर पुष्कळदा फक्त ‘एमआरआय ब्रेन’ एवढंच लिहिलेलं असतं. त्रास कधी सुरू झाला, कुठल्या बाजूला, बीपी-शुगर आहे का, काहीच नाही. पाच मिलिमीटरचा डाग कालच्या जड झालेल्या हाताचं कारण आहे की दहा वर्षं तिथेच पडून आहे, हे ठरवायला हाताची गोष्ट माहीत असावी लागते.

दरवर्षी मेंदूचा स्कॅन करून घ्यावा का?

काही त्रास नसेल तर नको. पॅकेजमध्ये फुकट मिळत असला तरी नको. त्या पैशात घरात बीपीचं चांगलं मशीन येतं.

हॉस्पिटलात पोचायची खरंच एवढी घाई असते का?

२००६ साली अमेरिकेतले न्यूरोलॉजिस्ट जेफ्री सेव्हर यांनी एक हिशेब मांडला. मोठी धमनी बंद पडल्यावर उपचार झाला नाही तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी मरतात. वयाने जेवढ्या झडतात त्याच्याशी ताडून पाहिलं, तर मेंदू तासाला ३.६ वर्षांनी म्हातारा होतो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सर्वसाधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. मोठी गुठळी तारेने ओढून काढणं निवडक पेशंटमध्ये २४ तासांपर्यंत जमतं. ‘जरा पडून राहू द्या, उतरेल’ म्हणण्यात घरोघरी पहिले दोन तास जातात.

डाग पुसले जातात का?

वण जात नाही. शेजारचा मेंदू काम शिकतो, ते वेगळं; म्हणून फिजिओथेरपी. सहा महिन्यांनी चालायला लागलेल्या माणसाची फिल्म तशीच दिसते, त्याने हिरमुसू नका.

स्कॅनला येताना काय आणू?

जुन्या फिल्म. सीडी असेल तर सीडी. पाच वर्षांपूर्वीचा, पडल्यावर काढलेला, ‘काही नाही’ म्हणून कपाटावर टाकलेला सीटीसुद्धा. आजचा डाग तिथे तेव्हाच असेल तर तो ताजा झटका नाही, हे एका मिनिटात कळतं. कुठलंही महागडं मशीन एवढ्या खात्रीने सांगत नाही. पेसमेकर, डोक्यात क्लिप किंवा अंगात कुठेही धातू असेल तर त्याची कागदपत्रं आणा आणि आत जाण्याआधी सांगा. फिल्म मात्र गुंडाळून सुतळीने बांधू नका. सपाट ठेवा, उन्हापासून लांब; सुरकुतीची रेघ वाचताना मध्येच येते.